गालिचा म्हणू नका

मी खोका बोलतोय. लाकडी, वीतभर उंचीचा, उचलायला दोन्ही बाजूंना खाचा असलेला. तुम्ही मला ओळखत नाही, यात तुमचा काही दोष नाही. मी कोणाला दिसू नये हीच माझ्या नोकरीची एकमेव अट होती आणि ती मी बरीच वर्षं इमानेइतबारे पाळली. पुढे मोडली. कशी मोडली ते सांगतो. पश्चात्तापाचे दोन शब्द ऐकायला मिळतील अशा आशेने बसला असाल, तर आत्ताच उठलेलं बरं.

माझा जन्म स्टॉकहोमजवळच्या एका सिनेमा कंपनीच्या सुतारशेडमध्ये झाला. बनवणारा एव्हर्ट नावाचा सुतार. लाकूड नवं नव्हतं. आदल्या सिनेमात चर्चचा देखावा होता. त्यातला पाद्री ज्या उंच ओट्यावर उभा राहून नम्रतेवर प्रवचन द्यायचा, तो ओटा मोडला आणि त्याच्या फळ्यांतून मी निघालो. तेव्हा उंचीची हौस आणि नम्रतेची बडबड, दोन्ही माझ्या अंगात जन्मापासून आहेत.

मला बनवायचं कारण म्हणजे फोल्के ग्रान्हेड. त्या काळात देशातल्या निम्म्या बायका या नटाचा फोटो स्वयंपाकघरात लावत आणि उरलेल्या निम्म्या कपाटात लपवत. पडद्यावर तो बहुतेक वेळा जहाजाचा कप्तान असे. वादळात सुकाणू धरून छाती काढून उभा. प्रत्यक्षात होडीत पाय ठेवला की त्याचा चेहरा दह्यासारखा पांढरा व्हायचा. पण ती गोष्ट वेगळी. खरी अडचण अशी, की कप्तानसाहेब उंचीला बेताचे होते. म्हणून प्रेमाचा प्रसंग आला की मी त्याच्या पायाखाली आणि कॅमेरा नायक-नायिकेच्या कमरेच्या वरच.

आता, आमच्या देशात एखाद्याच्या नाकावर माशी बसली तरी कोणी बोलत नाही. माशीला स्वतःहून उठायची संधी देतात. त्यामुळे फोल्केसमोर ‘खोका’ हा शब्द उच्चारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. मला म्हणायचे ‘गालिचा’. “एव्हर्ट, गालिचा घाल,” असा हुकूम यायचा आणि एव्हर्ट मला कॉफीच्या ट्रेखाली धरून आणायचा, जणू काही कॉफीच आणतोय. मग सगळे शहाणे लोक छताकडे बघायचे. फोल्के वर चढायचा. लोक पुन्हा खाली बघायचे, तर काय, कप्तान उंच झालेला! मी वीतभर उंचीचा गालिचा. जगात दुसरा नसेल.

याच काळात गुनवोर हेडवाल आली. उत्तरेकडच्या नदीत ओंडके सोडून ते समुद्रापर्यंत हाकत नेणाऱ्या माणसाची ही लेक. उंच, रुंद खांद्यांची, पावलं मोठी. कंपनीला तिचा चेहरा हवा होता आणि उंची नको होती. पण माणूस सुटा मिळत नाही, म्हणून तिला सांगण्यात आलं, “बाई, जरा गुडघ्यात वाका.”

मी पुरेनासा झालो होतो ना! मी फोल्केला वर उचलायचो, तिने स्वतःला खाली न्यायचं, आणि मध्ये कुठेतरी दोघांचं प्रेम जमायचं. लांब घागऱ्याच्या आत ती गुडघे वाकवून उभी राहायची, बूट काढून, पाय थरथरेपर्यंत. एकदा तर तिच्यासाठी बागेत खड्डा खणला होता. पडद्यावर ते दोघं लिलीच्या ताटव्यात उभे दिसतात. त्यातली एक खड्ड्यात आहे आणि एक खोक्यावर, हे मी पाहिलंय.

असे बारा सिनेमे झाले. एकदा चित्रण संपल्यावर ती माझ्यावर बसून गुडघे चोळत होती. एव्हर्ट म्हणाला, “तेल लावा, बाई. माझी बायको लावते.”

“तुमची बायको काय करते, काका?”

“फरशा पुसते.”

“मग बरोबर. दोघींचा धंदा एकच,” ती म्हणाली. “मी बारा वेळा गुडघ्यात वाकून प्रेम केलंय, एव्हर्टकाका. एकदा तरी ताठ उभं राहून करायचंय.”

एव्हर्ट छताकडे बघायला लागला. सवय.

पुढे तिच्या डोळ्यांखाली सुरकुत्या आल्या. फोल्केलाही आल्या, पण त्याच्या सुरकुत्यांना वर्तमानपत्रं ‘समुद्राच्या वाऱ्याच्या खुणा’ म्हणत. कंपनीचे मालक सिक्स्टेन ओडेल यांनी तिला नवी भूमिका देऊ केली. फोल्केच्या आईची. फोल्के तिच्याहून सात वर्षांनी मोठा.

“एक फायदा आहे,” ओडेलसाहेब मोठ्या उदारपणे म्हणाले, “आईची उंची लेकाहून जास्त असली तरी चालते. वाकायला नको.”

म्हणजे ताठ उभं राहायची परवानगी मिळाली होती, पण म्हातारी झाल्यावर! गुनवोरने टेबलावरचा दालचिनीचा वेटोळा पाव शांतपणे खाऊन संपवला, बोटं पुसली आणि म्हणाली, “आई नको. मला सिनेमा करायचाय. करायचाय म्हणजे, दिग्दर्शन.”

ओडेलसाहेब बराच वेळ हसले. मग त्यांना आठवलं, की कप्तानाचे मागचे तीन सिनेमे वादळाशिवायच बुडाले होते. काहीतरी नवं हवंच होतं. शेवटी त्यांनी होकार दिला, अटी घालून. नायक फोल्केच असणार. चित्रण उन्हाळ्यातच संपलं पाहिजे, कारण आमच्याकडे नट मंडळी हिवाळाभर नाटक कंपन्यांच्या दावणीला असतात आणि सिनेमा उन्हाळ्यात उरकावा लागतो. आणि ते संपलं नाही, तर उरलेला सिनेमा कंपनीचे जुने दिग्दर्शक पुरा करतील. त्यावर नावही त्यांचंच राहील. हे जुने दिग्दर्शक म्हणजे ज्यांनी बागेत खड्डा खणायला लावला होता, तेच.

आम्ही एका बेटावर गेलो. अर्थातच बोटीने, फोल्के डोळे मिटून बसला होता. गुनवोरची गोष्ट साधी होती. बेटावर नाव चालवणारी एक उंच बाई आणि पाण्याला घाबरणारा एक बुटका शाळामास्तर. नावाडीण करायला नाटकातून बर्ब्रो नावाची मुलगी आणली होती. जवळजवळ गुनवोरच्याच उंचीची.

पहिल्याच दिवशी गुनवोरने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि ओरडली, “बर्ब्रो, तुझे गुडघे!”

“काय झालं, बाई?”

“वाकलेत.”

बर्ब्रोने खाली पाहिलं. खरंच वाकलेले. तिला कोणी सांगितलं नव्हतं. नायक समोर येताच ते आपोआप वाकले होते. “अगं बाई,” ती म्हणाली, “नाटकाच्या शाळेत लागलेली सवय हो!” सगळे हसले. गुनवोर हसली नाही. तिने जाऊन त्या मुलीच्या गुडघ्यांवर हलकेच थोपटलं, जशी घोड्याची समजूत काढतात तशी.

उन्हाळाभर काम बरं चाललं. अडलं ते शेवटच्या प्रसंगावर. धक्क्यावर मास्तर नावाडिणीला मागणी घालतो आणि तिचं चुंबन घेतो, असा तो प्रसंग. गुनवोरचं म्हणणं, मास्तर आहे तेवढाच दिसला पाहिजे. फोल्के म्हणाला, “आजपर्यंत जसं करत आलो तसंच करणार. गालिच्याशिवाय मी उभा राहणार नाही.” दोन दिवस असेच गेले. बर्ब्रोला परवापासून शहरात नाटकाच्या तालमीला हजर व्हायचं होतं. म्हणजे हातात उद्याचा एकच दिवस उरला होता, आणि ते फोल्केला चांगलं ठाऊक होतं.

ओडेलसाहेब स्वतः बोटीने आले. नेमका शेवंडांच्या मेजवानीचा दिवस. ऑगस्टमध्ये आमच्याकडे तळ्यातली छोटी लाल शेवंडं शेपूच्या पाण्यात उकडतात आणि अंगणात टेबल मांडून चोखत बसतात. गळ्यात लाळेरं, डोक्यावर कागदाची टोपी, आणि प्रत्येक प्याल्याआधी एक गाणं. त्या दिवशी बाक कमी पडले म्हणून एव्हर्ट माझ्यावर बसला होता. त्यामुळे मी सगळं ऐकलं.

ओडेलसाहेबांच्या डोक्यावर पिवळी टोपी होती, चंद्राचं चित्र असलेली. ते म्हणाले, “गुनवोरबाई, फोल्केची जरा अडचण आहे म्हणे. गालिच्याची.”

“गालिचा नाही तो, ओडेलसाहेब,” गुनवोर म्हणाली. “खोका आहे.”

काय सांगू! गाणं मध्येच तुटलं. कॅमेरावाला हिल्डिंग शेवंडाची नांगी चोखत होता, ती तोंडातच राहिली. बारा सिनेम्यांत पहिल्यांदाच कोणीतरी मला माझ्या नावाने हाक मारली होती, आणि ती फोल्केसमोर. माझ्या फळ्या शहारल्या. एव्हर्टला वाटलं, आपल्याच पायाला मुंग्या आल्यात.

फोल्के लालबुंद झाला. शेवंडं पांढरी वाटावीत इतका. “हे ऐकायला मी इथे आलो नाही,” तो म्हणाला आणि लाळेरं तसंच ठेवून उठून गेला.

“बघा,” ओडेलसाहेब टोपी सावरत म्हणाले. “उद्या संध्याकाळपर्यंत प्रसंग डब्यात बंद झाला तर ठीक. नाहीतर सोमवारपासून सिनेमा तुमचा नाही.”

“म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत माझा?”

“उद्या संध्याकाळपर्यंत तुमचा.”

“सगळ्यांनी ऐकलं ना?” गुनवोरने विचारलं. कागदी टोप्या एकदम हलल्या. मग कोणीतरी घाबरून गाणं पुन्हा सुरू केलं.

सकाळी आम्ही धक्क्यावर. लाटा बारीक, पण फळ्या डुलत होत्या. फोल्के सगळ्यांच्या आधी येऊन उभा होता. माझ्यावर. एव्हर्टने आणलं नव्हतं, त्याने स्वतःच मला शेडमधून ओढून आणलं होतं. हाताची घडी, हनुवटी वर, अगदी वादळातला कप्तान.

“उतर, फोल्के,” गुनवोर म्हणाली.

“नाही उतरणार.”

“ऊन जाईल.”

“जाऊ दे. मला घाई नाही. घाई तुला आहे.”

गुनवोरने आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले, जसे दमल्यावर ठेवतात. मला वाटलं, संपलं. आता ही बाई पुन्हा वाकणार. बर्ब्रोला म्हणणार, वाक गं बाई तूही, असंच चालत आलंय. किनाऱ्यावर ओडेलसाहेब कॉफीचा पेला घेऊन उभे होते. रात्रीची टोपी अजून डोक्यावरच होती. ती राहिलीय हे कोणीही त्यांना सांगितलेलं नव्हतं. आमचा देश.

गुनवोर सरळ झाली. “बरं. नको उतरूस,” ती म्हणाली. “हिल्डिंग, कॅमेरा मागे घे.”

हिल्डिंगने घेतला.

“अजून.”

“बाई, अजून मागे घेतला तर तो… म्हणजे खालचा… गालिचा दिसेल.”

“खोका दिसेल. दिसू दे.”

फोल्केची हाताची घडी सुटली. “हे काय चालवलंयस? देश हसेल मला!”

किनाऱ्यावरून ओडेलसाहेब ओरडले, “थांबवा ते!”

“संध्याकाळपर्यंत सिनेमा माझा आहे, साहेब!” तिने मागे वळूनही न पाहता उत्तर दिलं. “टोपी घालून कबूल केलंय तुम्ही!” ओडेलसाहेबांनी डोकं चाचपलं आणि टोपी खिशात कोंबली.

मग ती फोल्केजवळ आली. उभी राहिली तर तिचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर. ती हळू बोलली. मी पायाशी होतो म्हणून मला ऐकू आलं.

“फोल्के, बारा सिनेमे आपण या खोक्यावर काढले. तू वर, मी खाली. लोकांनी काय पाहिलं? एक उंच माणूस एका बाईचं चुंबन घेतोय. त्यात त्याने काय केलं? काही नाही. उभा राहिला. आता असा विचार कर. एक माणूस आहे. त्याला ठाऊक आहे की आपण तिच्या खांद्याला लागतो. सगळ्या बेटाला ठाऊक आहे. सगळे धक्क्यावर बघतायत. आणि तरी तो जातो, एक खोका उचलून आणतो, तिच्यासमोर ठेवतो आणि वर चढतो. असं करायला किती छाती लागत असेल? तुझ्या एका तरी कप्तानात एवढी होती?”

धक्का डुलला. फोल्केने खाली माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं, नाहीतर आजवर तोही छताकडेच बघत आलेला.

“म्हणजे,” तो म्हणाला, “हा मी उचलून आणायचा?”

“तूच.”

“कुठून?”

झालं! तो शब्द निघाला आणि मला कळलं, हा माणूस आता आपला. नट एकदा ‘कुठून येऊ’ विचारायला लागला, की त्याची अब्रू, हट्ट, मालक सगळे मागे पडतात.

“मासे ठेवायच्या शेडमधून,” गुनवोर म्हणाली. “जड आहे असं दाखवू नकोस. तो आहेच जड.”

पहिल्यांदा चित्रण केलं. फोल्केने मला शेडमधून आणलं, ठेवलं, चढला, आणि बर्ब्रोचे गुडघे खाडकन वाकले! फोल्के तिच्यापेक्षा चांगला हातभर उंच झाला आणि चुंबन घ्यायला त्यालाच वाकावं लागलं.

“बर्ब्रो!”

“अहो, सवय, बाई, सवय!” ती रडकुंडीला आली. आणि तेव्हा फोल्के, जो कधी स्वतःवर हसत नसे, तो इतका हसला की माझ्यावरून पडता पडता वाचला.

दुसऱ्यांदा ती ताठ उभी राहिली. फोल्केने मला तिच्यासमोर ठेवलं. लोक बघतायत हे त्याने पाहिलं. मग चढला. लाट आली, धक्का हलला, त्याचा चेहरा खरोखर पांढरा झाला आणि त्याने तिचा खांदा घट्ट धरला. हे कोणी लिहिलेलं नव्हतं. तिने त्याला धरून ठेवलं, तेही नव्हतं. दोघांची नाकं बरोबर समोरासमोर आली. गुनवोर ‘कट’ म्हणायलाच विसरली. हिल्डिंगने फिल्म संपेपर्यंत कॅमेरा चालू ठेवला. कॉफीची वेळ टळून गेली आणि एकानेही कुरकुर केली नाही. आमच्याकडे याहून मोठा मान कोणाला मिळत नाही.

सिनेमा लागला. लोक हसले, मग हसायचे थांबले, मग बायकांनी पर्समधून रुमाल काढले. पडद्यावर मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दिसतो, खाचा, खिळे, सगळं. फोल्केला पूर्वीपेक्षा जास्त पत्रं यायला लागली आणि महिन्याभरात तो मुलाखतीत सांगू लागला, “खोक्याची कल्पना माझीच.” ‘खोका’ हा शब्द तो आता अगदी सहज उच्चारत असे. एका टीकाकाराने लिहिलं, बाईंनी बरं केलंय, पण नायकाचा मान थोडा राखायला हवा होता. तो टीकाकार उंच असणार.

गुनवोरला त्या कंपनीत पुन्हा काम मिळालं नाही. पुढचे सिनेमे तिने दुसरीकडे केले, जमेल तसे. काही चालले. एक इतका पडला, की प्रेक्षागृहात राखणदारही झोपला होता. पण त्या सगळ्या सिनेम्यांत एकही बाई गुडघ्यात वाकलेली नाही. हवं तर तपासून बघा. कंपनी सोडताना तिने मला काखोटीला मारलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, “हे काय नेताय?” ती म्हणाली, “गालिचा.” त्याने आभाळाकडे पाहिलं आणि सोडलं.

आता ती म्हातारी झालीय आणि त्याच बेटावर एका लाल लाकडी घरात राहते. मी स्वयंपाकघरात असतो. घर बांधलं तेव्हा तिने वरचा कप्पा स्वतःच्या उंचीच्या हिशोबाने करून घेतला होता. म्हातारपणी माणूस आखडतो, कप्पा आखडत नाही. कॉफीचा डबा त्या कप्प्यात. रोज सकाळी ती मला पायाने सरकवते, वर चढते आणि डबा काढते. खिडकीला पडदा नाही. शेजारी बघतात आणि त्यांच्या रीतीप्रमाणे आभाळाकडे मान वळवतात.

नगरपालिकेकडून मदतीला येणारी बाई म्हणाली, “आजी, डबा खाली ठेवते ना मी. खोक्यावर कशाला चढता या वयात?”

“याच्यावर चढून लोक कप्तान झालेत,” गुनवोर म्हणाली. “मी कॉफी करू शकणार नाही?”

डबा अजून वरच आहे.

मागच्या आठवड्यात संग्रहालयातली एक तरुण बाई आली. तिला काचेत ठेवायला दिग्दर्शिकेची खुर्ची हवी होती, पाठीवर नाव लिहिलेली.

“खुर्ची मला कोणी दिली नाही,” गुनवोर म्हणाली. “दरवेळी म्हणायचे, कापड संपलंय. मी याच्यावर बसायचे.”

त्या बाईने मला उलटंपालटं करून पाहिलं. तिचे डोळे चमकले. “मग हाच द्या ना!”

“मी मेल्यावर या. आत्ता त्याला काम आहे.”

तर अशी माझी हकीकत. ती बाई परत येणार, मला ठाऊक आहे. लाकूड माणसापेक्षा जास्त टिकतं, हा काही माझा पराक्रम नाही. तेव्हा तिला आणि तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. मला काचेत ठेवा, दारात ठेवा, चुलीत घाला. माझ्यावर बुटक्याला चढवा, उंचाला बसवा. मी कुरकुरेन, पण मोडणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की खाली पाटी लावाल ना, तिच्यावर स्पष्ट ‘खोका’ लिहा. आणि बघायला आलात, तर छताकडे बघू नका.

ती उठली वाटतं. कॉफीची वेळ झाली. सरका जरा, तिला चढायचंय.